‘म्हणे’ या शब्दाची क्षमा



अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवसापासून आपल्या सगळ्यांचे फोन सारखे वाजायला लागतात. जोडलेले हात, कमळाचं फूल आणि खाली ‘कळत-नकळत मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा’. कुणी ‘मिच्छामि दुक्कडं’ लिहितं. दोन वर्षांपूर्वी मीही असा एक निरोप शंभरावर लोकांना पाठवला होता. चहा उकळेपर्यंत काम झालं होतं. त्या यादीत अक्कांचंही नाव होतं, आणि त्यांनी मला साधं उत्तरही दिलं नाही म्हणून मी मनातून थोडी रागावलेही होते.

पंधरा दिवसांनी स्पीड पोस्टाने एक जाड पाकीट आलं. ह्यांनी सही करून घेतलं, उघडलं आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवलं. वकिलाची नोटीस होती. माझ्या नावाने. मी माझ्या अशिलाची बदनामी केली, सात दिवसांत खुलासा करून जाहीर माफी मागावी, नाहीतर कोर्टात दाद मागू, असं त्यात होतं. खाली माझाच मेसेज शब्दाला शब्द छापलेला, तारीख आणि वेळेसकट.

काय झालं होतं ते सांगते. आमच्या मंदिरात त्या चातुर्मासात महाराजांचा मुक्काम होता. चौक्याचं सगळं काम महिला मंडळाकडे. पैसे गोळा करणं, किराणा भरणं, वही लिहिणं, हे सगळं अक्का बघायच्या. अक्का म्हणजे आमच्या मंडळातल्या सगळ्यांत जुन्या. सोळा वर्षं त्या खजिनदार होत्या. श्रावणात एक विधान झालं आणि नंतर वहीत ११,४०० रुपयांचा मेळ लागेना. दोघी-तिघींत कुजबुज झाली. दुपारी भांडी आवरून बसले असताना मी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, ‘विधानाच्या हिशोबात अकरा हजारांचा मेळ लागत नाही. मागच्या वर्षीही असंच झालं होतं म्हणे. विचारायचं कुणी?’

बस, एवढंच. अक्कांचं नाव घेतलं नाही, शिवी दिली नाही. खाली चार जणींनी अंगठे टाकले, एकीने डोळे वटारलेलं चित्र टाकलं. दुसऱ्या दिवसापासून अक्का चौक्यात दिसल्या नाहीत. त्यांच्या सुनेला म्हणे शाळेच्या फाटकाशी एका आईने विचारलं, ‘तुमच्याकडे काय झालंय हो पैशांचं?’ (बघा, हा शब्द पुन्हा आलाच माझ्या तोंडी.) आठ दिवसांनी पंचकमिटीच्या फाईलमध्ये आचाऱ्याला दिलेल्या आगाऊ रकमेची पावती सापडली. ११,४०० रुपये. पावती लावायची कमिटीकडून राहून गेली होती. आम्ही सगळ्यांनी ‘चला, बरं झालं, मिटलं’ म्हटलं. ग्रुपवर मात्र कुणीही काही लिहिलं नाही. मीही नाही.

नोटीस घेऊन मी माझ्या मावसबहिणीच्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे गेले. जाताना माझ्याकडे तीन कारणं तयार होती. त्यांनी तिन्ही शांतपणे ऐकून घेतली.

पहिलं कारण, मी नाव घेतलं नाही. त्या म्हणाल्या, नाव घ्यायची गरजच नसते. वाचणाऱ्याला कोणाबद्दल लिहिलंय ते कळलं की पुरे. तुमच्या मंडळात खजिनदार किती? एकच ना?

दुसरं कारण, मी आरोप केला नाही, नुसता प्रश्न विचारला. यावर त्यांनी मला कायद्याच्या पुस्तकातलंच एक उदाहरण सांगितलं. कुणाचं तरी घड्याळ चोरीला गेलंय. एकजण म्हणतो, ‘छे, अमुक माणूस फार प्रामाणिक, त्याने कधीच नाही चोरलं.’ पण म्हणतो अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं, त्यानेच चोरलं. ही बदनामीच. घड्याळ कुणी नेलं असं विचारल्यावर तोंडाने काही न बोलता कुणाकडे नुसतं बोट दाखवलं, तरी ती बदनामी. हे उदाहरण १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून आहे. म्हणजे आपल्या पणजीच्याही आधीपासून कायद्याला आपले टोमणे ठाऊक आहेत!

तिसरं कारण मला सगळ्यांत भक्कम वाटत होतं. मी स्वतःच्या मनचं काही बोलले नाही, कानावर आलं ते ‘म्हणे’ लावून सांगितलं. वकीलबाई हसल्या. म्हणाल्या, ‘म्हणे’ लावल्याने जबाबदारी पुढच्यावर ढकलली जात नाही. दुसऱ्याने केलेली बदनामी जो पुढे पोहोचवतो, तोही ती प्रसिद्धच करतो. फॉरवर्ड करणाऱ्यालाही हेच लागू. मूळ मेसेज कुणाचा होता, हे सांगून सुटका होत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या भाषेत हा किती सोयीचा शब्द आहे बघा. ‘तिचं लग्न मोडलं म्हणे.’ ‘त्यांच्या दुकानावर कर्ज झालंय म्हणे.’ ‘मुलगा वेगळा राहतोय म्हणे.’ सगळं बोलून मोकळं व्हायचं आणि हात स्वच्छ ठेवायचे. आपण कंदमुळं टाळतो, सूर्यास्ताआधी जेवतो, पाणी गाळून पितो. हा एक शब्द मात्र कधीच गाळून घेत नाही.

आता कायदा थोडक्यात सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींना तो माहीत नसतो. मलाही नव्हता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिचं कलम ३५६ बदनामीचं आहे. आधी हेच दंड संहितेत ४९९ आणि ५०० म्हणून होतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्यात समाजसेवेची शिक्षाही आली आहे. हा गुन्हा हवाच कशाला, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१६ मध्ये न्यायालयाने हे कलम कायम ठेवलं आणि सांगितलं की माणसाची प्रतिष्ठा हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. याशिवाय दिवाणी कोर्टात नुकसानभरपाईचा दावाही करता येतो, तो वेगळा.

मी शेवटचा प्रयत्न म्हणून म्हटलं, ‘अहो, पण मेळ लागत नव्हता हे तर खरंच होतं ना! आणि माझ्या मनात वाईट काहीच नव्हतं.’ यावरचं त्यांचं उत्तर मी अजून विसरले नाही. फौजदारी कायद्यात नुसतं खरं असून भागत नाही. ते खरं असावं लागतं आणि ते जाहीर करणं लोकांच्या भल्याचंही असावं लागतं. मनात वाईट नव्हतं, एवढ्याने तर मुळीच भागत नाही. कायद्यात सद्भाव म्हणजे चांगलं मन नव्हे. पुरेशी काळजी घेऊन, लक्ष देऊन केलेली गोष्ट म्हणजे सद्भाव. ‘तुम्ही लिहिण्याआधी वही पाहिली होती का? अक्कांना फोन केला होता का? कमिटीला विचारलं होतं का?’

तीनही प्रश्नांना माझं उत्तर ‘नाही’ होतं.

घरी येताना बसमध्ये मला आमच्या स्वाध्यायातला एक शब्द आठवत राहिला. प्रमाद. दशलक्षणात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय ऐकतो. प्रमादातून, म्हणजे बेसावधपणातून, दुसऱ्याच्या प्राणांना इजा झाली की ती हिंसा, हे सातव्या दिवशी येतं. त्याच अध्यायात सत्य अणुव्रताचे अतिचार येतात. कुणाचं गुपित फोडणं, हावभावांवरून दुसऱ्याच्या मनातलं ओळखून ते बाहेर सांगणं, खोटं लिहिणं. आदल्या दिवशीच्या सहाव्या अध्यायात सांगितलेलं असतं की परनिंदा आणि आत्मप्रशंसा यांनी नीच गोत्राचा आस्रव होतो. हे मी लग्नाआधीपासून ऐकत आले आहे. अर्थही पाठ आहे. पण मंदिरातून बाहेर येऊन चप्पल घालता घालता आपण काय बोलतो? मला तरी वाटतं, कायद्याची ती ‘पुरेशी काळजी’ आणि आपला अप्रमाद या दोन गोष्टी फार लांबच्या नाहीत. मन चांगलं होतं असं म्हणून दोन्हीकडे सुटता येत नाही.

अंजनेची कथा आपण लहानपणी रडत रडत ऐकलेली असते. पतीने दिलेली खूण तिच्याजवळ होती, ती दाखवायलाही ती तयार होती. पण सासूने ऐकून घेतलं नाही, आणि मग माहेरचंही दार बंद झालं. गरोदर अंजना गुहेत राहिली. कथा ऐकताना आपण सगळ्या अंजनेच्या बाजूने असतो. त्या श्रावणातल्या दुपारी मी मात्र केतुमतीच्या जागी होते. पुरावा फाईलमध्ये होता आणि माझा निकाल आधीच ग्रुपवर लागला होता.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, नाहीतर या लेखाचा उलटा अर्थ निघेल. ‘बाई, अब्रूचा प्रश्न आहे, तोंड उघडू नकोस’ हे मला म्हणायचं नाही. सम्यक्त्वाच्या आठ अंगांत उपगूहन आहे, म्हणजे दुसऱ्याचे दोष झाकणं. पण चुकून घडलेला दोष झाकणं वेगळं आणि कुणा लेकीबाळीवर होणारा अत्याचार झाकणं वेगळं. दुसऱ्याला उपगूहन म्हणणं मला मान्य नाही.

कायदाही तसं म्हणत नाही. १८६० मध्ये मुंबईत करसनदास मुळजी नावाच्या वैष्णव संपादकाने आपल्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात आपल्याच संप्रदायातल्या काही महाराजांच्या स्त्रियांशी असलेल्या वर्तनावर लिहिलं. एका महाराजांनी त्याच्यावर ५०,००० रुपयांचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. समाज विरोधात गेला. पण डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्यासारखे लोक साक्षीला उभे राहिले आणि एप्रिल १८६२ मध्ये निकाल करसनदासांच्या बाजूने लागला. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२१ मध्ये, पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी लावलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. एकाच्या प्रतिष्ठेसाठी स्त्रीच्या सन्मानाचा बळी देता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

म्हणून त्रास सोसणाऱ्या बाईने गप्प बसू नये. योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावाने केलेली तक्रार, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या रक्षणासाठी सद्भावाने सांगितलेली गोष्ट, कुणाच्या भल्यासाठी दिलेली सावधगिरीची सूचना, यांना कायद्याने बदनामीतून वगळलं आहे. मीही जर कमिटीला दोन ओळींचं पत्र देऊन हिशोब मागितला असता, तर तो माझा हक्कच होता. चूक हिशोब विचारण्यात नव्हती. चूक होती कुठे आणि कशी विचारला यात. मी वहीला प्रश्न विचारायच्या ऐवजी साठ बायकांच्या कानात संशय टाकला.

आणि उद्या बदनामी तुमचीच झाली तर? वकीलबाईंनी सांगितलेलं थोडक्यात लिहिते. रागाच्या भरात त्याच ग्रुपवर उत्तर देऊ नका, आपलीही जीभ घसरते. मेसेज पुसला जायच्या आत त्याचे स्क्रीनशॉट काढा. नाव, नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे. ज्या फोनवर तो आला तो फोन विकू नका, बदलू नका, कारण असा पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. साध्या बदनामीत पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत. जिची बदनामी झाली तिला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खाजगी तक्रार करावी लागते. त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे, पण नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला एकच वर्ष. ‘बघू पुढच्या दिवाळीनंतर’ म्हणत बसलात तर ते वर्ष निघून जातं. ग्रुपच्या अ‍ॅडमिनवर मात्र उगाच राग काढू नका. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून तो दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं आहे.

पण कुणी तुमच्याबद्दल अश्लील बोललं, लज्जा येईल असं लिहिलं किंवा फोटोत छेडछाड करून फिरवला, तर ती नुसती बदनामी राहत नाही. तिथे न्याय संहितेचं कलम ७९ आणि माहिती तंत्रज्ञान कायदा येतो. अशा वेळी सरळ पोलिसांकडे जा. ‘लोक काय म्हणतील’ म्हणून घरात रडत बसू नका. लाज तुम्ही वाटून घ्यायची नाही.

आता अक्कांकडे येते. वकीलबाईंनी सांगितलं होतं की बदनामी झालेल्या व्यक्तीची तयारी असेल तर असं प्रकरण तडजोडीने मिटतं. मी साडी आणि श्रीफळ घेऊन अक्कांच्या घरी गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी वाकले, तर पाय मागे घेतले.

‘अक्का, चुकलं माझं. क्षमा करा,’ मी म्हटलं.

त्या तांदळातून नजर न काढता म्हणाल्या, ‘माझ्या स्वयंपाकघरात येऊन क्षमा मागतीस होय गं? माझ्या स्वयंपाकघरात कुठं बोलली होतीस तू? जिथं बोललीस तिथं माग की.’

साडी परत घेऊन घरी आले. दोन दिवस झोप नाही. नंतरच्या रविवारी, अभिषेक झाल्यावर, मंडळाच्या सभेत मी उभी राहिले. पाय थरथरत होते. सांगितलं की अमुक तारखेला मी असं लिहिलं, ते न विचारता, न पाहता लिहिलं, ११,४०० रुपयांची पावती ही आहे, अक्कांच्या वहीत एका रुपयाचीही चूक नव्हती, मागच्या वर्षी असं काही झाल्याचा माझ्याकडे कसलाही आधार नव्हता. मग तेच सगळं पावतीच्या फोटोसह त्याच ग्रुपवर लिहिलं. हात जोडलेलं चित्र टाकलं नाही.

नोटिशीचं पुढे काही झालं नाही. अक्का महिन्याभराने चौक्यात आल्या. वही मात्र त्यांनी पुन्हा हातात घेतली नाही. आता ती माझ्याकडे आहे, आणि दर अष्टमीला मी ती पंचकमिटीला दाखवून सही घेते.

सगळं नीट झालं असं मात्र म्हणता येत नाही. गेल्या वैशाखात इचलकरंजीच्या एका लग्नात दूरच्या एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘तुमच्याकडच्या त्या अक्का, त्यांनीच ना गं मंदिराचे पैसे...?’ त्या आमच्या ग्रुपवर नाहीत. माझा मेसेज त्यांच्यापर्यंत पोहोचला होता, माझी क्षमा पोहोचली नव्हती. जेवणाचं ताट बाजूला ठेवून मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. असे अजून किती कान असतील, मला ठाऊक नाही. भेटतील तिथे सांगत राहायचं, एवढंच माझ्या हातात आहे.

म्हणून यंदाच्या क्षमावाणीला माझं एक सांगणं आहे. शंभर जणांना एक निरोप पाठवायचा तर पाठवा, पण त्याला क्षमा समजू नका. वर्षभरात आपण कुणाबद्दल काय बोललो ते एका कागदावर लिहा. चार नावं निघाली तरी पुष्कळ. मग ज्या ओट्यावर बोललो त्या ओट्यावर, ज्या भिशीत बोललो त्या भिशीत, ज्या ग्रुपवर लिहिलं त्या ग्रुपवर जाऊन सांगा, ‘मी हे बोलले होते, ते मी पडताळलं नव्हतं.’ बोलायला जड जातं. मला तर त्या दिवशी घशातून आवाज फुटत नव्हता.

या वर्षी माझ्या यादीत दोन नावं आहेत. एकीकडे उद्या सकाळी जाणार आहे.

उत्तम क्षमा.